रंगाऱ्याच्या घरची टाकी

आपल्या पणजोबांच्या पणजोबांनाही ज्याचं नाव ठाऊक नव्हतं, अशा एका राजाच्या काळात घडलेली ही हकिकत. ती संडासाच्या टाकीची आहे. मुलांनो, हसायचं ते आत्ताच हसून घ्या. आणि मोठ्यांनो, तुम्ही नाक मुरडू नका. ज्या जागेवाचून राजाचंही भागत नाही, त्या जागेची गोष्ट ऐकायला लाज कसली?

त्या राजाचं नगर डोंगराच्या उतारावर होतं. वरच्या झऱ्याचं पाणी खापराच्या नळ्यांतून घरोघर येई. ज्यांना परवडे ते लोक संडासात, बसणाऱ्याच्या डोक्यावर, एक टाकी बसवून घेत. साखळी ओढली की पाणी धो धो खाली येई. अशा घराला 'साखळीचं घर' म्हणत आणि त्याचा भारी तोरा असे. सोयरीक जुळवताना मुलीचा बाप हळूच विचारून घ्यायचा, "घरी साखळी आहे ना?" बाकीची माणसं तांब्या घेऊन दीडशे पायऱ्या उतरत आणि ओढ्याकाठी जात.

त्या उतारावर एक रंगारी राहत होता. घरात माणसं तीन: तो, त्याची बायको आणि म्हातारे वडील. वडिलांना तो आबा म्हणे. धंदा भरभराटीत होता तेव्हा आबांनीच हौसेने तांब्याची टाकी बसवून घेतली होती. पुढे धंदा बसला, आबांचे गुडघे धरले, आणि एके दिवशी टाकीचा तळही गेला. त्याच दिवशी आबा कुणाला न सांगता तांब्या घेऊन ओढ्याकडे निघाले आणि चौथ्याच पायरीवर घसरले. नशीब बलवत्तर, म्हणून खरचटण्यावर निभावलं. रंगाऱ्याच्या मात्र मनात आलं, चौथ्या पायरीवर हे झालं, तर शंभराव्या पायरीवर काय होईल?

त्याने ठरवलं, टाकी बदलायची. तांब्याची घेण्याची ऐपत नव्हती. कुंभाराकडे भाजलेल्या मातीची, जाड बुडाची, स्वस्तातली टाकी मिळाली. ती बसवायला गवंडी आला. भिंतीतून बाहेर आलेल्या दोन लाकडी दांड्यांवर टाकी टेकायची होती. गवंड्याने दांड्यांवर टिचकी मारली आणि तोंड वाकडं केलं.

"दादा, हे वाळवीने खाल्लेत. तांब्याची टाकी हलकी होती, चालून गेलं. ही भरली म्हणजे तीन माणसांचं ओझं. सागाचे नवे दांडे घाला."

"काय खर्च येईल?"

गवंड्याने सांगितलं. रंगाऱ्याने ऐकून मान खाली घातली. "सणाच्या तोंडावर रंगवायची कामं येतील, तेव्हा घालू. तोवर टिकतील ना?"

गवंडी वर बघत म्हणाला, "टिकतीलही."

बाबांनो, हा शब्द फार वाईट. 'टिकतील' म्हटलं की माणूस निवांत होतो, 'नाही टिकणार' म्हटलं की हातपाय हलवतो. 'टिकतीलही' ऐकलं की तो नुसता झुरत बसतो. रंगाऱ्याने दांडे सुंभाने करकचून बांधले, टाकी चढवून घेतली आणि झुरायला लागला.

घरात त्याने हे कुणाला सांगितलं नाही. आबांना कळलं, तर ते पुन्हा तांब्या घेऊन पायऱ्यांकडे जातील. बायकोला सांगावं, तर ती आबांना सांगेल. शिवाय त्या नगराची रीतच अशी होती, की मुलाने बापाजवळ त्या जागेचा विषय काढणं असभ्य समजत. तेव्हा रंगाऱ्याने सगळं गिळलं.

पण भीती गिळली म्हणून जिरत थोडीच! सकाळी आबा आत गेले आणि कडी वाजली, की हा कढईतलं कापड तसंच टाकून, निळ्या हातांनी दाराशी येऊन उभा राही. आत कुठे कर्र झालं, की हा बाहेरून विचारी,

"आबा, झालं का?"

"होतंय रे."

दोन श्वास झाले की पुन्हा, "आबा, झालं का?" आणि मग, "साखळीला हात लावू नका! मी ओढतो!"

भीतीने त्याचा आवाज चढायचा. त्याला स्वतःला ते कळत नसे. आबा लगबगीने धोतर सावरत, भिंतीला धरत बाहेर येत आणि त्याच्याकडे न बघता ओसरीवर जाऊन बसत. आबा सुखरूप बाहेर आले, एवढंच रंगारी बघे. त्यांचा चेहरा काही त्याने पाहिला नाही.

काही दिवस गेले. आबा पानातली अर्धी भाकरी बाजूला ठेवू लागले. "पोट भरलं," म्हणायचे. मग अर्धीची चतकोर झाली. ताक नको म्हणाले. रात्रीचं जेवण तर सोडूनच दिलं.

"अहो, मामंजी जेवत नाहीत," बायको म्हणाली. "मनगटं बघा त्यांची, काड्या झाल्यात."

रंगाऱ्याने पाहिलं, आणि त्याचा जीव दोन्हीकडून चिमटीत सापडला. डोक्यावर टाकी, खाली वाळत चाललेला बाप! रोज सकाळी दाराशी उभं राहून तो मनात एकच म्हणे, आजचा दिवस जाऊ दे. सण जवळ आला, कामं आली, दांड्यांपुरते पैसे हातात पडले. तोवर आबांना ओसरीवरून उठतानाही भोवळ येऊ लागली होती. सागाचे दांडे राहिले बाजूला. ते पैसे घेऊन रंगारी वैद्यबुवांकडे धावला.

वैद्यबुवा आले. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट दाबलं. मग रंगाऱ्याकडे रोखून बघत म्हणाले, "यांना रोग नाही. हे उपाशी आहेत. तुम्ही यांना जेवायला घालता ना?"

रंगाऱ्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्याच्या बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती आबांच्या पायाशी बसली. "मामंजी, माझ्या हातचं गोड लागत नाही का?"

"नाही गं पोरी," आबा म्हणाले. "तुझ्या हाताला चव आहे, म्हणूनच जड जातं." मग भिंतीकडे बघत बोलू लागले. "जास्त खाल्लं की जास्त वेळा जावं लागतं. माझं आता लवकर होत नाही. याचा खोळंबा होतो. हातातलं काम टाकून दाराशी येतो, ओरडतो. मला साखळीलाही हात लावू देत नाही. त्याचंही चूक नाही, त्याने किती सोसायचं? म्हटलं, खाणंच कमी करावं."

रंगाऱ्याने आबांना दंडाला धरून उठवलं, हळूहळू संडासापाशी नेलं आणि उंबऱ्यावर उभं केलं. स्वतः आत शिरून त्याने पोती शिवायचा दाभण वरच्या दांड्यात खुपसला. दाभण मुठीपर्यंत आत गेला. भुसा खाली सांडला.

"आबा, हे तुमच्या डोक्यावर कोसळेल म्हणून मी दाराशी उभा राहत होतो. आवाज आला तर तुम्हाला ओढून बाहेर काढता यावं म्हणून."

आबा वर बघतच राहिले. "मग मला बोलला का नाहीस?"

"तुम्ही ओढ्यावर गेला असता."

"कशाला गेलो असतो? टाकी खाली उतरव म्हटलं असतं! जमिनीवर ठेव, बाजूला तांब्या ठेव. मी माझं पाणी घेईन. साखळी ओढायची हौस तरुणपणी होती रे. आता काय करायचीय?"

इतके महिने जे रंगाऱ्याला सुचलं नव्हतं, ते आबांच्या तोंडून एका दमात बाहेर पडलं. त्याला एक पैसा लागत नव्हता.

त्याच दुपारी गवंड्याला बोलावून टाकी उतरवली. टाकी उचलताच एक दांडा भिंतीतून निसटून धाडकन खाली पडला, नेमका आबांच्या बसायच्या जागी. रंगारी तिथेच मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला. आबा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

टाकी जमिनीवर आली, तांब्या आला. साखळीचं घर तांब्यावर आलं म्हणून आळी महिनाभर हसली. घरात कुणी मनावर घेतलं नाही. आबा सावकाश आत जात, सावकाश बाहेर येत, आणि दाराशी कुणी उभं नसे.

आबांच्या अंगात हळूहळू ताकद आली, ते पुढे बरीच वर्षं जगले. पण पोटाला लागलेली सवय गेली नाही. पानात चतकोर भाकरी उरायचीच. रंगारी रोज आग्रह करी, "आबा, घ्या ना आणखी." आबा हसून म्हणत, "पुरे रे, पोट भरलं." ते पोट खरंच भरलं होतं, की म्हातारा अजूनही कुणाचा खोळंबा वाचवत होता, हे रंगाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याने बापाच्या या शब्दावर विश्वास ठेवायची सोयच उरली नव्हती.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्याची काळजी वाटते त्याला ती सांगून टाकावी, कारण न सांगितलेली काळजी त्याला रागासारखीच ऐकू येते.