न पाडण्याचे पैसे

भावकीत दर सांगायचा नाही आणि का ते विचारायचं नाही, असं धंद्यात घेतानाच बाबांनी मला बजावलं होतं. आमचा धंदा झाडं पाडण्याचा. थोरले चुलते आबासाहेब यांच्या नव्या बंगल्यावर वाळलेला शिरीष कलला होता. व्हरांड्यात सगळे वडीलधारे बसलेले असताना मी क्रेनसकट दर सांगितला.

आबासाहेब हसले. "कॉलेजात एवढंही शिकवलं नाही का गं? झाड कापलं की आपोआप खाली येतं. पडायला पैसे कशाला पडावेत?"

"पाडणं फुकटच आहे, आबा. मी पैसे घेते ते बंगल्यावर न पाडण्याचे."

बाबांनी डोळे वटारले. "भावकीत पैसे मागतेस?"

"नाही मागत. पण क्रेनही नाही लावत. फुकटातलं काम वारा करेल."

वर शिरीष कुरकुरला.