शेवटच्या सर्गाचा हुंकार

"आणि शेवटचा सर्ग? तो कधी देणार, बुवा?"

खिंडीतल्या देवळाच्या ओट्यावर घोंगडी पांघरून केसोबुवा पाठीवर ऊन घेत बसले होते. समोर जुन्या वीरगळांची रांग होती. त्या दगडांवर कोरलेली माणसे कोण, कोणाशी लढून पडली, हे सांगणारे आता कोणी उरले नव्हते.

रायाजी ओट्याच्या कडेला ठाण मांडून बसला. आज उत्तर घेतल्याशिवाय उठायचे नाही, असे तो वाटेतच ठरवून आला होता.

बुवा रणकेतूचे आख्यान सांगत. त्यांच्या आधी त्यांचे गुरू सांगत, गुरूंच्या आधी त्यांचे गुरू. पहिल्याच लढाईत हा पडेल, असे रणकेतूच्या बारशालाच ज्योतिषाने सांगितले होते, आणि तरी तो लढाईला गेला. त्याचे सगळे सर्ग रायाजीला तोंडपाठ होते. तो पडतो तो सर्ग मात्र बुवांनी त्याला कधी दिला नव्हता. रणकेतू नदी ओलांडून धुक्यात शिरला की बुवा हात जोडत आणि उठत. ऐकणारे हळहळत घरी जात.

या आख्यानाला हुंकार लागतो. सांगणाऱ्याने एक चरण म्हणायचा, थांबायचे, समोरच्या हुंकाऱ्याने 'हं' म्हणायचे, की मग पुढचा चरण. हा मान गावातल्या पुरुषांचा. रायाजी पोरवयापासून बुवांचा हुंकारी होता. आता तो स्वतःच जत्रांतून आख्यान सांगे, माणसे बैलगाड्या जुंपून ऐकायला येत, आणि खरे सांगायचे तर ते त्याच्या डोक्यात थोडे गेलेही होते.

"नका देऊ," तो म्हणाला. "मी रचलाय."

बुवांची मान वळली.

"काय रचलंस?"

"रणकेतूचं मरण. उद्या आमच्या वेशीवर दादाचा वीरगळ बसायचाय. सगळा गाव गोळा होणार. तिथं म्हणणार आहे. फक्त रणकेतूच्या जागी दादाचं नाव घालीन. तुमची परवानगी तेवढी हवी."

दादा म्हणजे सुभान, रायाजीचा थोरला भाऊ. फौजेबरोबर गेला तो परतलाच नाही. बरोबरचे गडी परत आले, वेशीवर पाणी पिऊन आपापल्या घरी गेले. सुभानचे काय झाले म्हणून विचारले, की ते एकमेकांच्या तोंडाकडे बघत.

"त्याला पडताना कोणी पाहिलं?" बुवांनी विचारले.

"कोणी नाही. नदी ओलांडली तोवर पाहिलं. पलीकडं धुकं होतं म्हणतात."

"मग?"

"म्हणून तर रचलं, बुवा!" रायाजीचा आवाज चढला. "माझा दादा असा कसा जाईल? कोणाला काही न कळता? कुत्र्यामांजरासारखा?"

"तुझी वहिनी काय म्हणते?"

इथे रायाजीने नजर चुकवली. "तिला म्हणून दाखवला. अर्ध्यातच उठून चुलीपाशी गेली. म्हणाली, भावजी, हा कोण तुमचा, मी याला ओळखत नाही. उद्या दगडापाशी यायची पण नाही म्हणते." मग घाईने त्याने जोड दिली, "बाईमाणूस. तिला काव्यातलं काय कळणार?"

"म्हण," बुवा म्हणाले.

रायाजीने खाकरून घसा साफ केला. मांडी घट्ट केली, डावा हात कानाशी नेला. या क्षणाची तो किती दिवस वाट बघत होता! बुवांच्या डोळ्यांत पाणी येईल, ते उठून पाठीवर हात ठेवतील, असे मांडे तो मनात खात आला होता.

"शंभर तलवारी एकवटल्या, तरी पापणी लवली नाही…"

तो थांबला.

बुवा गप्प होते.

पहिल्याच चरणाला कधी कधी राहतो हुंकार. रायाजीने पुढचा चरण उचलला.

"भाला छातीत शिरला, तरी पाऊल मागे सरले नाही…"

तो थांबला. देवळामागून एक शेळी ओरडली, तेवढेच.

बुवा डोळे उघडे ठेवून त्याच्याकडेच बघत होते. झोप नव्हती की गुंगी नव्हती. रायाजीने तिसरा चरण म्हटला, मग चौथा. त्यात हत्ती उलथे पडले, आकाशातून फुले पडली, मरता मरता वीराने सूर्याला नमस्कार घातला. प्रत्येक चरणानंतर रायाजी थांबे, आणि तिथे खिंडीतला वारा येऊन बसे.

आपला आवाज इतका मोठा आहे, हे त्याला आजवर कधी जाणवले नव्हते. मोठा, आणि एकटा. पुढच्या चरणाला आवाज नको तिथे चढला. त्याच्या पुढच्याला शब्दच आठवेना. स्वतः रचलेला शब्द, आणि आठवेना!

"बुवा, ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"मग हुंकार द्या की. हुंकाराशिवाय माणूस म्हणेल कसा? घशाला कोरड पडली माझ्या!"

"रणकेतू पडला," बुवा सावकाश म्हणाले, "तेव्हा त्याला हुंकार कोण देत होतं?"

"कोणी नाही," रायाजी म्हणाला.

"मग ती फुलं कोणी पाहिली?"

ऊन ओट्यावरून खाली उतरले होते. रायाजी आपल्या तळव्यांकडे बघत बसला. त्याला एकाएकी फार एकटे वाटू लागले. दादा गेल्यापासून त्याने हे एकटेपण चरणांखाली, टाळ्यांखाली, जत्रेच्या धुळीखाली दाबून ठेवले होते. आता त्याच्यावर घालायला काही उरले नव्हते.

"मी तेव्हा इथं होतो," तो म्हणाला. हा आवाज आख्यानाचा नव्हता. "दादा निघाला तेव्हा. इथं, या ओट्याखाली रात्रभर बसून रणकेतूला हुंकार देत होतो. घरी गेलो तोवर…"

बुवांनी अंगावरची घोंगडी बाजूला केली. गुडघे दुखत असतानाही कण्हत कण्हत ते ओट्यावरून खाली उतरले आणि रायाजीसमोर मातीत मांडी घालून बसले. पोरवयात रायाजी बसायचा, बरोबर त्याच जागी.

"दादा पहाटे निघाला," रायाजी म्हणाला.

"हं."

रायाजी दचकला. क्षणभर त्याला कळेना, आवाज कुठून आला.

"वहिनीनं… वहिनीनं भाकरी बांधून दिली. चटणी द्यायची विसरली. ती धावत वेशीपर्यंत गेली चटणी घेऊन."

"हं."

"त्याला वहाण चावत होती. नवी होती. म्हणून मग ती काठीला अडकवून तो अनवाणीच गेला."

"हं."

"भीत होता तो, बुवा. वहिनीला म्हणाला होता, मला यातलं काही येत नाही. आणि तरी गेला."

"हं."

"नदीपर्यंत लोकांनी पाहिलं. पाण्यात उतरताना त्यानं वहाणा डोक्यावर धरल्या होत्या… भिजू नयेत म्हणून. पलीकडं धुकं होतं. त्यापुढं… त्यापुढं मला काही माहीत नाही."

तो थांबला.

हुंकार आला नाही. वारा पडला होता. वीरगळांच्या सावल्या लांब होऊन दोघांच्या मधल्या मातीपर्यंत आल्या होत्या. रायाजी वाट बघत राहिला, मग त्याने वाट बघणेही सोडले, आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला.

रडणे ओसरले तेव्हा बुवा अगदी हळू, जवळजवळ श्वासातच म्हणाले,

"हं…"

रायाजीने उपरण्याने तोंड पुसले. मग रायाजीने हात देऊन बुवांना उठवले, ओट्यावर बसवले, खांद्यांवरून घोंगडी नीट केली आणि त्यांच्या पायांना हात लावला.

"उद्या दगडापुढं काय म्हणू, बुवा?"

"हेच."

"आणि शेवटचा सर्ग?"

बुवा पाठ टेकून डोळे मिटून बसले.

"धुक्यापाशी थांबलास, तोच. उद्या हुंकार वहिनीला देऊ दे."