हौद काठोकाठ भरेपर्यंत

एकदा एक म्हातारा मिस्त्री ओसरीवर बसून मोठ्याने म्हणाला, की सात तालुक्यांत माझ्याइतका शहाणा माणूस सापडायचा नाही. मग त्याने बोटे मोजली आणि कबूल केले, की आपण हिंडलो ते चारच तालुके, शाळा सुटली ती चौथीत, आणि आपल्याला शहाणा म्हणणारा आजवर एकच इसम भेटला. तो रोज सकाळी दाढीच्या आरशात दिसतो.

हा म्हातारा जन्मभर ऑइल इंजिने दुरुस्त करत आला. गाव त्याला काका म्हणे. लोकांची फजिती करणे हा त्याचा दुसरा धंदा, आणि त्यात तो पहिल्यापेक्षा तरबेज. तलाठ्याच्या फटफटीच्या नळकांड्यात कांदा कोंबणारा हाच, आणि ती बंद पडली म्हणून दुरुस्तीला बोलावला गेलेलाही हाच. तरीही संकटात सापडलेला माणूस त्याच्याच ओसरीवर येई, कारण म्हाताऱ्याचा शब्द टोचला तरी लागू पडे.

त्याच्या हाताखाली शिकून गेलेल्यांत मलप्पा सर्वांत मोठा झाला. सहा वर्षे ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घालून काढली आणि पुढे पंपांचा व्यापारी बनला. गावोगावी एजन्सी, सारखे विमानाने जाणे-येणे. पण दर गुरुवारी सकाळी गुरूच्या पाया पडायला येण्याचा नेम त्याने कधी मोडला नाही. पाया पडून झाले, की चहा पिता पिता तो आपल्या मैलांच्या गोष्टी सांगे.

हे मैल म्हणजे काय, हे मिस्त्रीला उमगायला दोन गुरुवार लागले. गिऱ्हाईक जितके उडेल तितके मैल विमान कंपनी त्याच्या नावावर मांडते आणि पुष्कळ साठले की फुकट तिकीट देते, एवढाच त्याचा अर्थ. मलप्पाच्या नावावर तीन लाख जमले होते. त्यासाठी त्याने जी तपश्चर्या केली, तिला ऋषिमुनींनीही हात जोडले असते. मुंबईला सरळ विमान असताना तो हैदराबादवरून जाई, कारण वळसा मोठा तर मैल जास्त. ठरावीक कार्डावर खरेदी केली की दुप्पट मैल, म्हणून घरात चार कुकर आणि पाय चोळणारी तीन यंत्रे आली होती. घरात पाय चारच. एका एकतीस डिसेंबरला सारखे उडणाऱ्याला कंपनी देते ते मानाचे सोनेरी कार्ड टिकवायला दोन उड्डाणे कमी पडली, तेव्हा हा सकाळी हैदराबादला गेला आणि त्याच विमानाने परत आला. विमानतळाच्या दाराबाहेर पाऊलही टाकले नाही. हैदराबाद कसं आहे, असे मिस्त्रीने विचारले, तर म्हणाला, गार आहे, एसी चांगला आहे. बॅगेला लटकवलेला सोनेरी बिल्ला तर तो भाजी आणायला जातानाही काढत नसे.

आणि या मलप्पाची बायको, सुनंदा, आजवर एकदाही विमानात बसली नव्हती.

तसा तो वाईट नवरा नव्हता. नऊ वर्षे तो तिला एकच सांगत आला, की तुला न्यायचं ते पुढच्या भागात. तिथे गादी असते, पाय लांब करून झोपशील. मागच्या गर्दीत माझी बायको गुडघे आवळून बसायची नाही. दर वर्षी मैल पुरे होत आले, की कंपनी पुढच्या भागाचा भाव वाढवी, आणि दर वर्षी मलप्पा आणखी एक वळसा घेई.

यंदा मात्र वेळ निराळी होती. त्यांची एकुलती लेक गिरिजा सिंगापूरला. पहिले बाळंतपण. सासू हयात नाही, नवरा कामावर. आई आल्याशिवाय तिच्या उशाशी बसायला दुसरे माणूस नव्हते. सुनंदाने डिंकाचे लाडू वळून डब्यात भरले, बाळंतविडा बांधला आणि वाट पाहत बसली. मैलांवर मिळणारी पुढच्या भागातली जागा कंपनीकडे होती, पण डॉक्टरने दिलेल्या तारखेनंतर एकवीस दिवसांनी. पैसे टाकले असते तर उद्याचे तिकीट मिळत होते, आणि मलप्पाला पैशांची ददात नव्हती. पण तीन लाख मैल नावावर असताना रोख तिकीट काढायचे म्हणजे, त्याच्या शब्दांत, घरचं दूध नासवून हॉटेलात चहा पिणं. तो कंपनीशी फोनवर भांडत राहिला. अलीकडची तारीख मिळवीनच, म्हणत राहिला.

शेवटी एका मंगळवारी सुनंदा मिस्त्रीकडे आली. सगळे सांगून त्याच्या पाया पडली आणि म्हणाली, ते ऐकतात ते फक्त तुमचं. एकदा बोला त्यांच्याशी.

म्हाताऱ्याच्या कानांच्या पाळ्या तांबड्या झाल्या. असा संताप त्याला पुष्कळ वर्षांत आला नव्हता. तू जा, मी बघतो, एवढेच तो म्हणाला. ती गेल्यावर चपला पायात घालून तो तडक मलप्पाच्या दुकानाकडे निघालाही होता. पण फाटकापाशी थबकला. नुसते जाऊन खडसावायचे? ते तर पोस्टमनलाही जमेल. आणि मग त्याला एक युक्ती सुचली, अशी नामी, की त्याने रस्त्यावरच मांडीवर थाप मारली.

त्याच्या अंगणात सिमेंटचा हौद होता. विहिरीवरच्या मोटारीचे पाणी त्यात पडे. हौदाला लागूनच, अर्ध्या कापलेल्या पिंपात, लिंबाचे रोप होते. सासरी जाण्याच्या आदल्या दिवशी ते गिरिजाने लावले होते आणि बजावले होते, की काका, ह्याला रोज दोन तांबे, विसरायचं नाही. चार वर्षे म्हाताऱ्याने एक दिवस चुकवला नव्हता. त्या मंगळवारपासून त्याने पाणी बंद केले.

दोन दिवसांनी गुरुवारी मलप्पा आला. ऊन वैशाखाचे असले तरी लिंबू अजून हिरवे होते. पाने जराशी मलूल, इतकेच. म्हाताऱ्याच्या जिभेच्या टोकावर शब्द आले होते. पण अर्धवट सुकलेल्या झाडावर दृष्टांत काय द्यायचा? अजून पिकलं नाही, असे मनाशी म्हणत त्याने शब्द चहाबरोबर गिळले. मलप्पा कंपनीला शिव्या देऊन गेला आणि मिस्त्री त्याच्या पाठमोऱ्या बिल्ल्याकडे पाहून खुदुखुदु हसत राहिला.

पुढच्या गुरुवारी सगळे कसे मनासारखे जुळून आले होते. पाने वळून पिंपाभोवती सडा पडला होता, फांद्या काटक्या झाल्या होत्या, आणि शेजारी हौद पाण्याने भरून लखलखत होता. मलप्पा आला तो कानाला फोन लावूनच. पलीकडे गाणे वाजत होते, आणि मधूनमधून एक बाई गोड आवाजात सांगत होती, की आपण आमचे सन्माननीय सुवर्ण सदस्य आहात, कृपया प्रतीक्षा करा. तो तासभर प्रतीक्षा करत होता. रागाने त्याचे नाक फुगले होते. पाया पडायला वाकला आणि त्याची नजर पिंपाकडे गेली.

"काका, हे गिरिजाचं लिंबू ना?"

"व्हय की."

"मेलं की हो. पाणी नाही घातलं?"

"नाही घातलं."

"अहो, हौद भरलाय शेजारी."

"भरलाय कुठं? चार बोटं कमी आहे," म्हातारा शांतपणे म्हणाला. "काठोकाठ भरू दे. मग ह्याला असं थाटात पाणी घालीन, की गाव बघत राहील. तांब्या-तांब्यानं घालायचं म्हणजे भिकारपणा."

मलप्पाला वाटले, म्हाताऱ्याचे डोके फिरले. त्याने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला, बादली उचलली आणि हौदात बुडवायला गेला. म्हाताऱ्याने काठी आडवी घातली. मलप्पाने ती बाजूला सारली, म्हाताऱ्याने पुन्हा घातली. बादली हौदाच्या काठावर आपटून खाली घरंगळली.

"माझ्या पोरीनं लावलेलं झाड आहे ते," मलप्पा ओरडला. गुरूपुढे आवाज चढवण्याची त्याच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. "तिथं ते पाण्यावाचून तडफडतंय आणि तुम्ही काठ मोजत बसलाय? माणूस आहात का कोण?"

म्हातारा याच वाक्यासाठी नऊ दिवस थांबला होता. त्याने काठी खाली ठेवली. त्याच्या चेहऱ्यावरचे मिश्कील हसू पुसले गेले आणि आतला खरा संताप वर आला.

"मलू, आता तुझ्या नावावर किती साठलेत?"

फोनमधले गाणे वाजत राहिले.

"हौद कोणी भरायचा म्हणून भरत नाही रे. रोज उपसायचा म्हणून भरतात. मुळाला पोचलं तेवढंच पाणी. उरलेल्यात डास होतात. आणि तुझ्या हौदाची तर गंमतच न्यारी. त्याचा काठ त्या कंपनीच्या हातात. तू चार बोटं भरलंस की ती काठ चार बोटं वर उचलते, आणि तू खाली वाकून आणखी भरायला लागतोस. भरायला लावणाऱ्या त्या सोद्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांचा धंदाच तो. मी तुला विचारतो. नऊ वर्षं एका बाईला मखमलीची गादी दाखवलीस आणि साध्या लाकडी पाटावर एकदा बसवलं नाहीस. आता पोर तिकडं आईची वाट बघतीय, आणि तू एकवीस दिवस उशिराची गादी धरून बसलायस. पोरीला आई पाहिजे, मलू. आई झोपून आली का बसून आली, ते ती विचारणार नाही."

मलप्पा हौदाच्या काठावर बसला. मग त्याने फोन कानापासून दूर केला, सन्माननीय सुवर्ण सदस्याचे गाणे मध्येच तोडले, आणि रोख पैशांचे तिकीट शोधू लागला. त्याच संध्याकाळचे मिळाले. शेवटची रांग, मधली जागा, मागे संडास. त्याने घेऊन टाकले. बॅगेचा बिल्ला ओढून काढला आणि कुठे टाकावा ते न सुचून मुठीत धरला. मग म्हाताऱ्याच्या पायांवर डोके ठेवले, आणि या खेपेला ते नेम म्हणून ठेवलेले नव्हते.

म्हाताऱ्याला धन्य धन्य वाटले. आठव्या तालुक्यातही आता आपल्याला तोड नाही, असे त्याच्या मनात येत होते, तोच फाटकापाशी रिक्षा थांबली.

सुनंदा उतरली. डोळे सुजलेले. ती नवऱ्याला म्हणाली, की जावईबापू पहाटेपासून तुम्हाला फोन करतायत. आधी उचलला नाही आणि मग तासभर लागतच नाही. गिरिजा पहाटे बाळंत झाली, दिवस भरायच्या आधीच. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. रात्रभर कळा देत होती, आणि आई कुठे आहे म्हणून नर्सला विचारत होती. नर्सला मराठी कुठले कळायला.

मलप्पाने फोनवरचे तिकीट तिच्यापुढे धरले. तिने ते वाचले, तारीख पाहिली, मान हलवली.

म्हाताऱ्याने खाकरून सांगायला सुरुवात केली, की पोरी, देवानं भलं केलं, आणि तुझंही काम झालं बघ. ह्याला नुसतं शब्दांनी सांगितलं असतं तर ह्या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं असतं. म्हणून मी हे लिंबू सुकवलं, हौद भरून ठेवला, आणि आज असा दृष्टांत दिला, की जन्मात विसरायचा नाही.

सुनंदाने ते सगळे ऐकून घेतले. मग तिने हौदावरचा तांब्या उचलला, भरला आणि लिंबाच्या बुडाशी ओतला. तडकलेल्या मातीने पाणी धरले नाही. पिंपाच्या तळाच्या भोकातून ते जसेच्या तसे बाहेर आले आणि म्हाताऱ्याच्या पायांपर्यंत वाहत गेले.

"मागच्या गुरुवारी हे इथंच बसून चहा पिऊन गेले, काका," ती म्हणाली. "त्या दिवशी साध्या चार शब्दांत बोलला असतात, तर काल रात्री मी तिच्या उशाशी असते. तुम्ही झाड पुरतं सुकायची वाट बघत बसलात."