शारदेच्या शाळेतली उसनी मूठ

ऐक शारदामाई, ही तुझीच कहाणी आहे.

शके सतराशे सोळा. आनंद नाम संवत्सर. महिना मार्गशीर्ष, ऋतू हेमंत, सकाळी नदीवर धुकं. त्या साली एक आटपाट नगर होतं. नगराला नदी होती. नदीच्या अलीकडे एक राजा, पलीकडे दुसरा. मधल्या उतारावरून, म्हणजे नदी पायी ओलांडायच्या जागेवरून, दोघांचं वाकडं आलं. त्याची लढाई झाली. लढाईला तिसरं वर्ष लागलं. कोण जिंकतंय ते राजांनाही ठाऊक नव्हतं.

नगरात शारदेचा मठ होता. मठाच्या ओसरीवर शाळा होती. शाळेत चाळीस पोरं होती. शिकवायला पंतोजी होते. रांधायला त्यांची बायको आवडी होती. पोरं तिला काकू म्हणत. शाळेची एक रीत होती. सकाळी काकूनं ताटात तांदूळ पसरावेत. पोरांनी पाळीपाळीनं बोटानं त्यात अक्षर काढावं. अक्षर शारदेला दाखवावं. मग तेच तांदूळ चुलीवर जावेत. दुपारी पोरांनी जेवावं. आधी अक्षर, मग शीत. त्यासाठी राजा वर्षाला बारा खंडी तांदूळ द्यायचा. त्याला वर्षासन म्हणत.

मग काय झालं? वर्षासनाचे तांदूळ फौजेनं खाल्ले. कोठी रिकामी झाली. मग छावणीतला लिहिणारा तापानं मेला. शिपाई मठात आले. पंतोजींना म्हणाले, "उठा. राजाची पत्रं लिहायचीत."

पंतोजी बायकोला म्हणाले, "अगं, शाळेला कडी घाल. माहेरी जा."

"आणि पोरं?"

"पोरांना त्यांची घरं आहेत."

"तुम्हाला कुठलं होतं? याच ओसरीवर वाढलात ना?"

पंतोजींनी लेखणी कानावर ठेवली आणि शिपायांमागून गेले. आवडीनं कडी घातली. पोरं पायरीवर आली, कडी पाहिली, माघारी गेली.

दुसऱ्या दिवशी आवडी नदीवर गेली. धुकं अजून निवळलं नव्हतं. घाटावर एक म्हातारी बसली होती. पांढरं लुगडं, पांढरे केस, बोटं तेवढी शाईनं काळी. ती पाटी धूत होती. धुवावी तितकं पाणी काळं होत होतं. पाटी काही कोरी होत नव्हती.

आवडीनं विचारलं, "बाई बाई, काय धुतेस?"

"अक्षरं धुते. शाळेला कडी लागली. आता ती घेऊन कुठं जाऊ?"

आवडी तिच्याजवळ पायरीवर टेकली. ती म्हणाली, "बाई, ह्याला उपाय काय?"

"उपाय आहे. वसा आहे. पण तुला सांगून काय उपयोग? घेशील, दोन दिवस करशील आणि विसरशील."

"नाही विसरायची."

"रोज ताट पसरायचं. अक्षर झाल्यावाचून दाणा चुलीवर न्यायचा नाही. दारी आलेलं पोर परत लावायचं नाही. कुठलं म्हणून विचारायचं नाही. लढाई सरेपर्यंत करायचं. ह्यानं शाळा चालेल, गेलेला माणूस घरी येईल, लढाई सरेल."

"बाई, मला स्वतःला अक्षर येत नाही गं."

"तांदूळ पसरता येतात ना?"

"येतात."

"मग पसर. मोठ्या पोरांना येतं ते धाकट्यांना दाखवतील. तुला कुणी शिकवायला सांगितलंय?"

म्हातारीनं पाटी धुक्यात धरली. धुकं वर गेलं, त्याबरोबर म्हातारीही गेली. घाटावर काळं पाणी राहिलं. आवडीनं त्याला हात जोडले, घरी आली, कडी काढली.

मग ती तांदळाला निघाली. आधी कारभाऱ्याकडे गेली. कारभारी म्हणाला, "लढाई सरू दे. मग शिका."

आवडी म्हणाली, "कारभारी, लढाई सरेपर्यंत पोरांना मिशा येतील."

"मिशा आल्या की फौजेत घेऊ," असं म्हणून तो हसला. दिलं काही नाही.

मग मोठ्या देवळात गेली. पुजारी म्हणाला, "आमच्या देवाचाच नैवेद्य अर्ध्यावर आलाय. तुझ्या देवीला शाळा कशाला हवी? नुसती पूजा कर." दिलं काही नाही.

मग दारोदार गेली. घराघरात बाया होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. रोजच्या स्वयंपाकाला काढलेल्या तांदळातून एक मूठ बाजूला ठेवली. अशा मुठी जमल्या. ताट पसरलं. शाळा चालू झाली. थोरली पोरं धाकट्यांचं बोट धरून गिरवून घेत. आवडी चुलीपाशी बसून ऐकत असे. ते आवाज तिला झोपेतल्यासारखे लागत, दूर आणि जवळ, नदी वाहावी तसे.

एके दिवशी दारात तीन पोरं उभी राहिली. दोन मुलगे, एक मुलगी. ढोपरापर्यंत ओली. उतारातून आली होती. आवडीनं ओळखलं, ही पलीकडची. तिनं विचारलं नाही. त्यांना ताटापाशी बसवलं. पोरं त्रेचाळीस झाली.

गावकरी आले. म्हणाले, "काकू, शत्रूची पोरं आमच्या मुठीवर पोसतेस?"

"दार उघडं ठेव असं मला सांगितलंय. कुणासाठी ते सांगितलं नाही."

"कुणी सांगितलंय?"

"घाटावर जा, विचारा."

गावकरी घाटावर गेले. काळं पाणी पाहिलं. घरी गेले. पण कुणी कुणी मूठ द्यायची बंद केली.

पौष गेला, माघ लागला. मुठी कमी झाल्या. चाळीस होत्या त्या वीस झाल्या, विसाच्या दहा झाल्या. पोरं पहाटेची उपाशी येत. ताटात अक्षर काढता काढता एक पोर तांदळावरच डोकं टेकून निजलं. गालाला दाणे चिकटले. आवडीनं त्याचं डोकं उचललं. ती म्हणाली, "आज आधी शिजवते. जेवा, मग लिहा. एका दिवसानं काय बिघडतंय?"

पोरं जेवली. जेवल्यावर निजली. लिहायला तांदूळच उरले नव्हते. दुसऱ्या दिवशीही तिनं आधी शिजवलं. तिसऱ्या दिवशीही आधी शिजवलं. असा वसा मोडला.

मग काय झालं? पहिल्या दिवशी ओसरीच्या भिंतीवरची बाराखडी फिकी झाली. आवडीला वाटलं, ओल आली. दुसऱ्या दिवशी पोरांना आपली नावं लिहिता येईनात. तिला वाटलं, भुकेनं झालं. तिसऱ्या दिवशी पुजारी धावत आला. पोथी हातात होती. पानामागून पान उलटलं, एकावरही ओळ नव्हती. पोथी दुधासारखी पांढरी झाली होती.

त्याच दुपारी छावणीतला स्वार दारात उतरला. "पंतोजींची बायको कोण?"

"मी."

"बाई, तुझ्या नवऱ्यानं घात केला. राजा तह करायला राजी झाला. पंतोजींनी तीन दिवसांत तीन कागद लिहिले. पलीकडे पोचले ते तिन्ही कोरे. राजा म्हणतो, पंतोजी फितूर झाला. उद्या दिवस मावळेपर्यंत लिहिलेला कागद दिसला नाही तर मान जाणार."

आवडीच्या ध्यानात आलं. फितूर पंतोजी नव्हते. वसा तिनं मोडला होता.

तिनं रिकामी कोठी झाडली, दाणा नाही. दारोदार गेली. बायांनी रिकामी मडकी उपडी करून दाखवली. सगळ्यांचे डोळे खाली. आपल्या काठावर मूठभर तांदूळ उरला नव्हता.

सकाळी तिनं पदर खोचला आणि उतारात पाय घातला. धुकं पडलं होतं. पुढचं दिसेना, मागचं दिसेना. पाणी ढोपराला लागलं, कंबरेला लागलं, पुन्हा ढोपराला आलं. पायाखाली वाळू आली तेव्हा कळलं, पलीकडे आलो.

पहारेकऱ्यानं भाला आडवा केला. "कोण गं तू?"

"शाळेतली."

"काय हवंय?"

"मूठभर तांदूळ."

पहारेकरी हसला. तो तिला राणीपुढे घेऊन गेला. पलीकडचा राजा जखमी पडला होता. राज्य राणी बघत होती. राणी डेऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. पुढे तीन कोरे कागद पडले होते.

राणी म्हणाली, "आलीस? तुझ्या राजाला सांग, थट्टा पुरे. तीन वेळा कोरा कागद पाठवला."

"थट्टा नाही, राणीसाहेब. कागद माझ्यामुळे कोरे झाले."

"तू कोण मोठी जादूगारीण?"

आवडीनं सगळं सांगितलं. वसा सांगितला, मोडला तेही सांगितलं. काही झाकलं नाही. राणीनं निवडता निवडता ऐकलं. मग ती म्हणाली, "आमची तीन पोरं रोज उतारातून जातात. ती तुझ्याकडे येतात होय?"

"येतात."

"गोणी देते. घेऊन जा. पुन्हा येऊ नकोस."

"गोणी नको. दान नको. दानाच्या तांदळात अक्षर तुमचं उठेल. वसा मोडलाय माझा. मला एक मूठ उसनी द्या."

डेऱ्यातल्या दासी हसल्या. राणी म्हणाली, "अगं, उसनं शेजारणीला देतात. शत्रूला कुणी देतं का?"

"मधली एक नदी सोडली तर शेजारचं घर तुमचंच, राणीसाहेब. कांदा संपला तर मी कुणाकडे जाऊ?"

राणीचा हात सुपात थांबला. तीन वर्षांत तिच्या दारी उसनं मागायला कुणी आलं नव्हतं. ती म्हणाली, "आणि बुडवलंस तर?"

"बुडवायची नाही."

"तुझी मूठ मोठी दिसते. माझी लहान आहे."

"तुमच्या मुठीनं द्या. तुमच्याच मुठीनं परत घ्या."

"मीच येईन घ्यायला. दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. समजलीस?"

"समजले."

राणीनं मूठ भरली, आवडीच्या पदरात ओतली. आवडीनं गाठ मारली.

ती परत आली तेव्हा दिवस कलला होता. तिनं ताट मांडलं. एवढ्याशा तांदळांनी ताटाचा तळही झाकेना. तिनं ते मधोमध रुपयाएवढे पसरले. म्हणाली, "पोरांनो, आज अक्षर लहान काढा. पण काढा. त्याशिवाय चूल पेटायची नाही."

"काकू, भूक लागलीय."

"मलाही लागलीय. काढ."

पहिल्या पोरानं काढलं. तिनं ताट हलवून पुसलं. दुसऱ्यानं काढलं. तिसऱ्यानं काढलं. पिंपळाची सावली ओसरीच्या पायरीवर आली होती, ती तिथंच थांबली. पक्षी घरट्याकडे निघाले होते, ते आकाशात एके जागी राहिले. कुणाला घाई वाटेना. भुकेचीही आठवण राहिली नाही. बेचाळीस पोरं झाली. त्रेचाळिसावी पलीकडची मुलगी. तिनं करंगळीनं अक्षर काढलं. मग पिंपळाची सावली हलली.

तेव्हा भिंतीवर बाराखडी उठली. जमिनीतून अंकुर यावा तशी आली, आधी पुसट, मग ठळक. पोथीत ओळी परत आल्या. पलीकडे डेऱ्यात तीन कोऱ्या कागदांवर शाई वर आली. राणीनं पहिला कागद वाचला, दुसरा वाचला, तिसरा वाचला. तिन्हींत एकच मजकूर होता. उतार दोघांचा. राणीनं शिक्का मारला. स्वार दिवस मावळायच्या आत नदीपार झाला. पंतोजींच्या मानेवरची तलवार खाली आली ती म्यानात गेली.

इकडे आवडीनं ती मूठ शिजायला घातली. मुठीचं पातेलं भरलं. त्रेचाळीस पोरं जेवली. ज्यानं जे अक्षर काढलं होतं त्याला त्याची चव लागली, असं पोरं सांगत. मोठ्यांना ते काही कळलं नाही.

लढाई सरली. पंतोजी घरी आले. ओसरीवर उभे राहून त्यांनी पोरं मोजली. म्हणाले, "तीन जास्त आहेत."

"आहेत," आवडी म्हणाली. "बसा. शिकवा."

पुढल्या मार्गशीर्षात राजाच्या गाड्या आल्या. बारा खंडी तांदूळ, वर मागच्या वर्षीचे बारा. कारभारी स्वतः आला. हात जोडून म्हणाला, "काकू, मठाची कोठी भरतो."

"भरा. मिशा आलेली पोरं उतरवायला मदत करतील."

कारभारी खाली मान घालून गोण्या मोजत राहिला. आवडीनं नव्या तांदळाचं ताट पसरलं. पोरांनी अक्षरं काढली. ते तांदूळ तिनं चुलीवर नेले नाहीत. झाकून ठेवले.

दुपारी उतारात पालखी दिसली. पालखी पाण्यापाशी थांबली. राणी खाली उतरली, निऱ्या उचलल्या आणि चालत पाणी ओलांडून आली. ढोपरापर्यंत भिजली. ओसरीवर येऊन बसली. पोरं बाजूला सरकली.

आवडीनं ताट पुढे केलं. राणीनं ताटात हात घातला, आपली लहान मूठ भरली, पदरात ओतली, गाठ मारली.

जशी शारदा आवडीकाकूला पावली, तशी ऐकणाऱ्या सगळ्यांच्या पोरांना पावो. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली, ती फळाला आली.

उसनं फिटलं.