मुख्याध्यापक आणि धनगरवाड्याच्या सात मुली

एका घाटमाथ्यावरच्या गावात एक माध्यमिक शाळा होती आणि त्या शाळेला एक शिस्तीचे मुख्याध्यापक होते. ते आले तेव्हा शाळेची पार रया गेलेली होती. दोन वर्षांत त्यांनी तास वेळेवर सुरू केले, प्रयोगशाळेची कुलपं उघडली, दहावीचा निकाल वर आणला. गाव त्यांना मानू लागलं.

सर मेहनती होते, पण त्यांना एक खोड होती. शिक्षकांच्या सभेत ते एकटेच बोलत आणि बाकीचे लिहून घेत. कुणी काही सुचवू लागलं, की सर म्हणत, "ते मी बघतो." हळूहळू सुचवणारे गप्प झाले. सभा दहा मिनिटांत आटोपू लागली आणि आपली शाळा एकमताने चालते, असं सरांना वाटू लागलं.

एका जुलै महिन्यात नववीच्या वर्गशिक्षिका शेलारबाई त्यांच्याकडे आल्या. जंगलापलीकडच्या धनगरवाड्यातून सात मुली शाळेत येत. येताना दीड तास, जाताना दीड तास पायपीट. शाळा सुटायची साडेपाचला. दिवस लहान झाले की ओढ्याजवळच अंधार पडेल, म्हणून घरची माणसं आतापासूनच कुरकुरत होती. हिवाळ्यापुरतं या मुलींना तासभर आधी सोडावं, त्यांचा बुडालेला तास आपण मधल्या सुट्टीत घेऊ, असं बाईंनी कागदावर नीट मांडून आणलं होतं.

सर वेळापत्रक आखत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बाई, तुम्ही वर्ग सांभाळा. शाळा मी सांभाळतो."

बाईंनी कागदाची घडी घातली आणि त्या निघून गेल्या. एक प्रश्न मिनिटात निकाली काढल्याचं सरांना समाधान वाटलं.

दिवाळीची सुट्टी संपली. जानेवारीत हजेरीपट तपासताना सरांना दिसलं, की सात नावांपुढे दोन महिने गैरहजेरी आहे. त्यांनी सभेत जाब विचारला. सगळे खाली बघू लागले. शेवटी गणिताचे वयस्कर शिक्षक हळूच म्हणाले, "सर, तुम्हाला सांगायची आता कुणाला सवय राहिली नाही."

दुसऱ्या दिवशी सर एकटेच धनगरवाड्याला निघाले. ती वाट ते पहिल्यांदाच चालत होते. ओढा उतरताना दोनदा पाय घसरला. वाड्यावर त्या सात जणींतल्या यमुनाच्या वडिलांनी घोंगडं अंथरलं, चहा दिला. यमुना विज्ञानात वर्गात पहिली यायची. आता ती आत्याचं मूल सांभाळायला दूरच्या गावी गेली होती. मोठ्या तिघींची लग्नं ठरली होती.

सर म्हणाले, उद्यापासून मुलींना तासभर आधी सोडतो. यमुनाला परत आणा.

वडील म्हणाले, "सर, आम्ही दिवाळीपातूर वाट बघितली. बाई म्हणल्या हुत्या, सरांना सांगते. आता तिकडं शब्द दिलाय."

सरांनी पुष्कळ विनवण्या केल्या, पुन्हापुन्हा खेपा घातल्या. सातांपैकी दोघी परत आल्या. पाच जणी आल्या नाहीत.

सरांनी शेलारबाईंची माफी मागितली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी पुन्हा एकदा यायला हवं होतं, सर," त्या म्हणाल्या. "पण धीर झाला नाही." ते शब्द सरांना जास्तच लागले. बाईंचा तो धीर आपणच घालवला, हे त्यांना कळून चुकलं.

त्यानंतर सभेत सर सगळ्यांत शेवटी बोलू लागले. सुरुवातीला कुणी तोंडच उघडेना. गेलेला विश्वास परत यायला तीन वर्षं लागली. पुढे वाड्यावरच्या कितीतरी मुली दहावी झाल्या.

निवृत्तीच्या दिवशी प्रत्येक जण म्हणाला, सर सगळ्यांचं ऐकून घेतात. सर आभार मानायला उभे राहिले.

"हे मला पाच मुलींनी शिकवलं," ते म्हणाले, "आणि त्यांना मात्र मी काही शिकवू शकलो नाही."

तात्पर्य एवढंच: ज्याच्या हाती शाळा, त्याने आधी ऐकायला शिकावं. ऐकायला उशीर झाला, तर त्याची किंमत मुलं मोजतात.