काही नाही त्याचं माप

“मास्तर, आकडा कधी खोटं बोलतो का?”

मुजावर मास्तर चटईवर बसून चिंच फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणाचा आकडा?”

“माझा.”

“मग मला कशाला विचारतोस? तुझा आहे, तुला ठाऊक.”

शार्दूल उपाध्येला हे उत्तर नको होतं. सांगलीहून भर दुपारी, हातात जड पेटी घेऊन तो मिरजेला आला होता तो “आकडा खोटं बोलत नाही” एवढं एक वाक्य ऐकायला. तेही मास्तरांच्या तोंडून.

मास्तरांनी एकतीस वर्षं रेडिओ केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये काढली होती. आवाज शुद्ध आहे की नाही, यात त्यांचा शब्द अखेरचा. पंधरा वर्षांपूर्वी शार्दूलच्या हातात सोल्डर करायची पहिली कैया दिली तीही त्यांनीच. त्याच शार्दूलचं आता इंटरनेटवर नाव झालं होतं. मोबाईलमधलं गाणं म्हणजे नुसते आकडे. त्या आकड्यांचा पुन्हा सूर करून स्पीकरला देणारी एक लहान डबी असते. तिला डॅक म्हणतात. अशा डब्या शार्दूल घरच्या टेबलावर मोजायचा. सूर किती आणि त्यात मिसळलेली खरखर किती, यांतलं अंतर डेसिबलमध्ये काढून छापायचा. आकडा मोठा तर डबी स्वच्छ. हजारो लोक त्याचा आकडा पाहूनच डबी घेत.

आणि तो कडक होता. “हल्ली माझ्या टेबलावर शंभर कुणालाच मिळत नाहीत,” हे तो अभिमानाने सांगे.

“काय झालं ते सांग,” मास्तर म्हणाले.

शार्दूलने सांगितलं.

कुपवाडला वत्सला चौगुले नावाच्या एक बाई आहेत. पत्र्याच्या शेडमध्ये तीन बायकांना हाताशी घेऊन त्या डॅक बनवतात. नाव ठेवलंय ‘निषाद’. डबीवर छापलंय एकशे बारा. शार्दूलने मोजली. चौऱ्याण्णव आले. त्याने तसं लिहिलं... दावा एकशे बाराचा, लायकी चौऱ्याण्णवची.

“लायकी असं लिहिलंस?”

“हो.”

“बरं. पुढं?”

पुढे पुण्याच्या दुकानदाराने तीस डब्या परत पाठवल्या. बाईंचं पत्र आलं. कृपया पुन्हा एकदा मोजावे, चूक माझी असेल तर कळवावी, मी दुरुस्त करीन.

“तू काय कळवलंस?”

“...आकडे खोटं बोलत नाहीत, असं.”

मास्तरांनी एक चिंचोका बाजूला टाकला.

“आणि आता बेळगावचा एक जण म्हणतोय, त्याने तीच डबी मोजली, एकशे दहा आले,” शार्दूल म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. “त्याच्याकडे माझ्या निम्म्या किमतीचं यंत्र आहे, मास्तर! आणि लोक मला विचारतायत. म्हणून सगळं घेऊन आलोय. तुमच्यासमोर मोजतो. बरोबर निघालं तर तुम्ही एवढंच म्हणा, मुजावरांनी पाहिलं, बरोबर आहे. तेवढ्याने सगळ्यांची तोंडं बंद होतील.”

“आणि चूक निघालं तर?”

“नाही निघणार.”

“मग मोज.”

शार्दूलने पेटी उघडली. मोजणीयंत्र काढलं, लॅपटॉप मांडला, चार्जर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचला. वायरी त्याने लहान बाळाला हाताळावं तशा हाताळल्या. निषादची डबी मधोमध ठेवली. मास्तरांचे हात चिंचेने बरबटलेले. त्यांनी कशालाच बोट लावलं नाही. नुसते बघत राहिले.

पडद्यावर रेघ उमटली. मग आकडा.

चौऱ्याण्णव.

“बघा!” शार्दूल म्हणाला.

“बघितलं... आता डबी काढ.”

“काढू?”

“काढ की. बाजूला ठेव.”

शार्दूलने डबी काढली.

“आता मोज.”

“काय मोजू, मास्तर? काहीच नाही इथे.”

“तेच मोज. काही नाही ते.”

शार्दूलला हसू आलं. मग त्याला जरा रागही आला. यंत्र स्वतःच एक शुद्ध सूर काढू शकत होतं. यंत्राच्या तोंडातून निघालेला सूर यंत्राच्याच कानात सोडायचा, मध्ये कुणी नाही... नवशिक्यांना शिकवतात ते हे. आपल्याला?

“ते मी यंत्र आणलं त्याच दिवशी केलंय. एकशे अठरा आले होते.”

“कधी आणलंस?”

“तीन वर्षं झाली.”

मास्तरांनी चिंचेचं एक बोटूक मधोमध चिरलं.

शार्दूलने वायरीचं एक टोक काढून यंत्राच्याच दुसऱ्या भोकात घातलं. बटण दाबलं. म्हाताऱ्याचं मन राखायला म्हणून दाबलं.

रेघ उमटली. मग आकडा.

चौऱ्याण्णव.

त्याने पुन्हा दाबलं.

चौऱ्याण्णव.

वायर नीट बसली नसेल म्हणून त्याने ती काढून घट्ट बसवली. वायर बदलली. तिसरी घातली. कुठलीच डबी नव्हती, आणि पडद्यावर डाव्या अंगाला तीच खरखर डोंगरासारखी उभी होती. निषादच्या लेखात त्याने लाल बाणाने दाखवलेला डोंगर... हाच.

मास्तर उठले. गुडघ्यावर कोपर टेकवून सावकाश उठले आणि दाराशी गेले. हात बरबटलेले, म्हणून कोपरानेच त्यांनी मेन स्विच खाली पाडला.

पंखा थांबला. आतला फ्रिज गप्प झाला. आतून मास्तरांच्या बायकोचा, चाचींचा आवाज आला, “अहो, लाईट गेली काय?”

“गेली नाही. मी घालवली,” मास्तर म्हणाले. मग शार्दूलकडे वळून, “मोज.”

लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता, आणि यंत्र लॅपटॉपच्याच विजेवर चालणारं. शार्दूलने बटण दाबलं.

डोंगर नव्हता.

आकडा आला. एकशे अठरा.

शार्दूलच्या जिवात जीव आला. “म्हणजे तुमच्या घरची वीज खराब आहे, मास्तर! वायरिंग जुनं असणार.”

“असेल.” मास्तरांनी कोपराने स्विच वर केला. पंखा कुरकुरत फिरू लागला. “आता घर चालू आहे. तुझी तेवढी ती पिन काढ.”

शार्दूलने लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढला आणि मोजलं.

एकशे अठरा.

चार्जर खोचला. चौऱ्याण्णव. काढला. एकशे अठरा. असं त्याने सात वेळा केलं.

चार्जर दसऱ्याला घेतलेला. जुना जळाला म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेला. सांगलीतही तोच, इथेही तोच.

शार्दूलने आपली यादी उघडली. दसऱ्यानंतर मोजलेल्या डब्या. चौऱ्याण्णव, चौऱ्याण्णव, त्र्याण्णव, चौऱ्याण्णव... अशा अकरा. अकरा वेगवेगळ्या लोकांनी केलेल्या अकरा डब्या, आणि सगळ्या येऊन एकाच भिंतीला थडकलेल्या. ती भिंत पाहून लोक म्हणाले होते, काय कडक परीक्षक आहे! त्यालाही तसंच वाटलं होतं.

याच काळात मोजलेल्या हलक्या डब्यांना काहीच झालं नव्हतं. सत्तरची सत्तरच राहिली होती, ऐंशीची ऐंशी. मार खाल्ला होता तो फक्त चांगल्यांनी.

चाची पाण्याचा तांब्या ठेवून गेल्या. शार्दूलने प्यायलं नाही.

“मास्तर... मी मोजणं सोडतो.”

पहिल्यांदाच मास्तरांच्या हातातली चिंच थांबली.

“काय म्हणालास?”

“सोडतो. माझी लायकी नाही.”

“तुझी लायकी कोण विचारतंय?” मास्तरांचा आवाज कडाडला. “त्या बाईच्या डबीला चौऱ्याण्णवचा डाग कुणी लावला? तू. तू सोडलंस, घरी जाऊन तोंड लपवून बसलास, की डाग जाणार आहे काय? की आता न मोजता नुसतं म्हणणार, छान वाजते हो तुमची डबी? त्या बाईला काय करायचंय तुझ्या छानचं! तिला आकडा पाहिजे.”

शार्दूलने मान खाली घातली. मग ती तशीच खाली ठेवून त्याने चार्जर पेटीत टाकला, वायर पुन्हा डबीला जोडली, आणि दात आवळून बटण दाबलं.

एकशे अकरा.

त्याने पाच वेळा मोजलं. पाचही वेळा एकशे अकरा. मग त्याने फोन काढला. बाईंच्या पत्राखाली नंबर होता. आजवर त्याने तो लावला नव्हता.

“हॅलो, चौगुलेबाई? मी शार्दूल उपाध्ये बोलतोय.”

पलीकडे कुणी तरी रेडिओ बारीक केला.

“बोला, सर.”

“बाई, तुमची डबी मी परत मोजली. चूक माझी होती. माझ्याच सामानात खरखर होती. ती मी तुमच्या नावावर लिहिली. तुमचे एकशे अकरा आले.”

“...एकशे अकरा?”

“हो.”

“बारा नाही?”

शार्दूल गोंधळला. “नाही, बाई. पाच वेळा पाहिलं. अकराच.”

“मग एक माझ्याकडून कमी पडतोय,” बाई म्हणाल्या. “बरं झालं सांगितलंत. बघते मी कुठे राहिलंय ते. तोवर डबीवरचा आकडा बदलून घेते.”

पत्र्याच्या शेडमध्ये बसलेली ती बाई एका आकड्याचा हिशेब स्वतःकडे मागत होती, आणि तो...

“सर?” बाईंनी विचारलं. “ते लिहिलेलं बदलाल का?”

“आज. आत्ता.”

“बरं. ठेवते मग. सोल्डर तापलंय.”

मास्तरांनी पुन्हा चिंच हातात घेतली. शार्दूल चटईच्या कडेवर मांडी घालून लिहू लागला. आधी त्याने लिहिलं, ‘काही तांत्रिक कारणामुळे.’ वाचलं. पुसलं. मग लिहिलं, ‘दसऱ्यापासून मी लिहिलेले अकरा निकाल चुकीचे आहेत. खरखर त्या डब्यांची नव्हती, माझ्या टेबलाची होती. तीन वर्षांत मी माझं स्वतःचं यंत्र एकदाही तपासलं नाही.’ खाली अकराही नावं घातली. ‘लायकी’ हा शब्द आपण वापरला होता, तो आपण मागे घेतो, असं वेगळ्या ओळीत लिहिलं. ज्यांच्या डब्या मी मोजून परत केल्या त्यांनी पुन्हा पाठवाव्यात, येण्याजाण्याचा भार माझा. आणि जुना लेख त्याने काढून टाकला नाही. त्याच्या डोक्यावर हा नवा चिकटवला, म्हणजे कुणालाही आधी हाच दिसेल.

त्याने तो मास्तरांना वाचून दाखवला. मास्तर ऐकत राहिले. एकही शब्द बदलला नाही.

शार्दूलने तो लोकांसमोर टाकला.

पाच मिनिटांत फोन वाजू लागला. टिंग... टिंग... कुणी हसलं होतं. कुणी शिवी दिली होती. बेळगावच्याने अंगठा वर केला होता. एकाने लिहिलं होतं, आता दुकान बंद करा साहेब. शार्दूल एकेक वाचत गेला. त्याने फोन पालथा घातला नाही.

ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. चिंचेचा ढीग संपत आला होता. चिंचोके एकीकडे, शिरा एकीकडे, गर परातीत.

शार्दूलने पेटी आवरली. दोन्ही कड्या लावल्या. उठला, मास्तरांच्या पाया पडला, आणि दाराशी जाऊन थांबला.

“उद्यापासून उरलेल्या दहाही परत मोजणार, मास्तर. एकेक करून. रोज आधी काही नाही ते मोजणार, मग डबी.”

“हं.”

“मोजीन मी. ते ठरलंय. पण...”

मास्तरांनी मान वर केली.

“आता माझा आकडा मानणार कोण?”

मास्तरांनी हात परातीच्या कडेला पुसले. बराच वेळ पुसत राहिले...

“मी मानेन,” ते म्हणाले. “आजवर मानत नव्हतो.”