चंडकेतू राजा आणि न ऐकणारा कुत्रा

एका राज्यात चंडकेतू नावाचा राजा होता. त्याने विरूपाक्ष मांत्रिकाची पुष्कळ सेवा केली आणि वर मागून घेतला, की माझा शब्द कोणाही माणसाला मोडता येऊ नये. मांत्रिकाने तथास्तु म्हटले. तेव्हापासून राजा 'बसा' म्हणे, की दरबार बसे. 'हसा' म्हणे, की दरबार हसे. राजाला वाटे, आपल्यासारखा राजा झाला नाही. दरबाराला काय वाटे, हे विचारायचे मात्र राहून गेले.

राजाला एकुलती एक लेक, चारुलेखा. एके दिवशी ती नदीकाठच्या जत्रेला गेली आणि दिवेलागण झाली तरी परतली नाही. राजाचा जीव टांगणीला लागला. ती अंगणात पाऊल टाकते न टाकते, तोच त्या काळजीचा राग झाला आणि तो गरजला, "उभी राहा तिथेच!"

चारुलेखा उभी राहिली. पायांपासून केसांपर्यंत दगड झाली.

राजा "चल" म्हणाला, "बोल" म्हणाला. दगड कुणाचे ऐकतो? शेवटी विरूपाक्षाला बोलावणे गेले.

"हुकमाने बांधलेले हुकमाने सुटत नाही, राजा," मांत्रिक म्हणाला. "तुझा वर जनावरांवर चालत नाही. तेव्हा एखादे जनावर शोध. त्याने तुझ्या शब्दावर स्वखुशीने तीन गोष्टी कराव्यात. बसावे, पंजा द्यावा, आणि मोकळ्या रानातून तुझ्या हाकेवर परत यावे. दोरी नाही, धाक नाही, मार नाही. वसंत सरायच्या आत जमले, तर लेक तुझी. नाहीतर ती कायमची दगड."

मुदपाकखान्यामागे भुऱ्या नावाचा एक गावठी कुत्रा पडून असे. राजाने त्याच्यापुढे चांदीचे ताट भरून भाजलेली कलेजी ठेवली आणि म्हणाला, "बस." भुऱ्याने ताट चाटूनपुसून स्वच्छ केले आणि तो झोपी गेला.

महालाच्या वळचणीला एक साळुंकी राहत असे. ती बोलत असे, आणि जरा जास्तच बोलत असे.

"महाराज, पोट भरल्यावर कोण कुणाला जुमानतो? तुकडा नखाएवढा घ्या. नाकाशी धरा, मग डोक्यावरून मागे न्या. मान वर जाईल, बूड खाली टेकेल."

तसेच झाले. भुऱ्या बसला. राजाने ऐटीत दरबाराकडे पाहिले, दरबाराने वाहवा केली, ती ऐकून घेऊन मग राजाने तुकडा दिला. तोवर भुऱ्या उठला होता. दिवसभर हेच चालले. संध्याकाळपर्यंत 'बस' म्हटले, की भुऱ्या ताडकन उभा राहू लागला.

"कुत्रा मूर्ख आहे," राजा म्हणाला.

"कुत्रा हुशार आहे," साळुंकी म्हणाली. "तुम्ही उठल्याचे बक्षीस दिलेत, तो उठायला शिकला. बूड टेकताक्षणी द्या. वाहवा मागाहून घ्या."

राजाने तसे केले आणि भुऱ्या बसू लागला. पण साळुंकीचे बोलणे राजाच्या मनातून जाईना. आपण आजवर कशाकशाला बक्षिसे दिली, हे तो आठवू लागला. माना डोलावणाऱ्यांना जहागिरी दिल्या होत्या. तो विचार काही सुखाचा नव्हता.

पंजासाठी राजाला जमिनीवर मांडी घालावी लागली. मुठीत तुकडा धरून तो गप्प बसला. भुऱ्याने मूठ हुंगली, चाटली, तिच्यावर भुंकून पाहिले. शेवटी कंटाळून पंजाने ओरबाडली. मूठ तत्काळ उघडली. भुऱ्याने डोळे मोठे केले, आणि राजाला हसू आले. हुकमावाचून महालात कुणी हसल्याला फार दिवस झाले होते.

तिसरी गोष्ट आधी सोपी वाटली. "ये" म्हटले, की भुऱ्या धावत येई आणि तुकडा खाई. मग एके दिवशी तो चिखलात लोळला. राजाने "ये" म्हणून बोलावले, आणि आल्याबरोबर सेवकांकरवी गार पाण्याने आंघोळ घातली. दुसऱ्या दिवशी "ये" ऐकताच भुऱ्या खांबामागे लपला.

"काल आल्याबद्दल त्याला काय मिळाले?" साळुंकीने विचारले. राजाला ती गार आंघोळ आठवली. त्याने पहिल्यापासून सुरुवात केली, दोन हातांच्या अंतरावरून.

वसंताच्या शेवटच्या दिवशी विरूपाक्ष आला. रानाच्या कडेला भुऱ्या बसला, त्याने पंजा दिला. मग त्याला मोकळे सोडले. तेवढ्यात झुडपातून ससा उठला आणि भुऱ्या त्याच्यामागे दिसेनासा झाला. राजाने हाक मारली. पुन्हा मारली. सूर्य डोंगराला टेकला. राजाच्या छातीत भीती दाटली आणि ओळखीच्या वाटेने तिचा राग होऊ लागला.

सूर्य अर्धा बुडाला तेव्हा भुऱ्या आला. धापा टाकत, काट्यांनी भरलेला. पण राजाचा चेहरा पाहून तो चार पावलांवर थबकला. कान पाडले, शेपूट पायांत घातले.

राजाने ती नजर ओळखली. अंगणात, दगडाच्या चेहऱ्यावर, तो ती रोज पाहत होता.

तो खाली बसला. त्याचे डोळे भरून आले होते. "आलास," तो म्हणाला. "बरे झाले आलास." भुऱ्याने ती चार पावले टाकली, आणि राजाने सगळा खाऊ त्याच्यापुढे रिता केला.

"वरही गेला, शापही गेला," विरूपाक्ष म्हणाला. "आता तुझा शब्द कुणालाही मोडता येईल."

राजा धावत अंगणात आला. चारुलेखा श्वास घेत होती, पण जागची हलत नव्हती. बापाकडे पाहत होती. 'ये' हा शब्द राजाच्या ओठांवर आला होता. तो त्याने उच्चारला नाही. मुकुटासकट तो धुळीत बसून राहिला. तिला यायला बराच वेळ लागला. पण ती आली.

राज्यात पुन्हा लोक 'नाही' म्हणू लागले आणि राज्य सुरळीत चालू लागले. जशी चारुलेखा आली, तशी तुमची माणसे तुमच्या उंबऱ्याशी येवोत. आणि आली, की उशीर का झाला, एवढे मात्र विचारू नका.